न पाहिलेला घोडा

पूर्णा हें आज परभणी जिल्ह्यांतील एका तालुक्याचें गांव आहे. १९४७ सालीं तें निजामाच्या राज्यांत मोडत असे, आणि दूरच्या लोकांना त्याची ओळख, गोदावरीला मिळणाऱ्या त्याच नांवाच्या नदीपेक्षां, रेल्वेच्या जंक्शनामुळें अधिक होती. मनमाडाहून सिकंदराबादेकडे जाणारी मीटर गेजची गाडी येथें थांबे व हिंगोलीचा फांटा येथूनच फुटे. अशा गांवाला बाहेरचें जग वेळापत्रकानुसार भेटत असतें. टपाल गाडीनें यावयाचें, वर्तमानपत्र गाडीनें यावयाचें, आणि जी बातमी छापून आली नाहीं ती उतारूंच्या तोंडून ऐकावयाची.

घोडा हा प्राणी या मुलखाला अपरिचित नाहीं. शेजारच्या नांदेड जिल्ह्यांतील माळेगांवची खंडोबाची यात्रा घोड्यांच्या बाजाराबद्दल प्रसिद्ध आहे. दांत पाहून वय सांगणारे, भोंवरे पाहून शुभाशुभ ठरविणारे आणि चार पावलें चालवून किंमत करणारे जाणते तेथें भेटतात. परंतु ही सारी विद्या समोर उभ्या असलेल्या घोड्याची होय. शर्यतीच्या घोड्याचा जो शौकीन मैदानापासून शेंकडों मैलांवर राहतो त्याला या विद्येचा कांहीं उपयोग नाहीं. त्याच्या हातीं घोड्याचें नांव, त्याची वंशावळ, स्वाराचें नांव आणि निकालाच्या दोन ओळी, एवढेंच येतें. घोडेमैदान जवळ असलें म्हणजे परीक्षा सोपी होते, असें आपण म्हणतों. येथें मैदान अखेरपर्यंत दूरच राहावयाचें.

आणि तरीही त्याची निष्ठा जडते. ती कशी जडते, हें पाहावयाचें तर १९४७ सालासारखें दुसरें वर्ष सांपडणार नाहीं. कारण त्या वर्षीं विलायतेच्या मैदानांवर जो घोडा गाजला त्याचें नांव होतें सयाजीराव.

मराठी शौकिनाला बडोद्याच्या तबेल्याची ओळख यापूर्वींच झालेली होती. मुंबईस महालक्ष्मीच्या मैदानावर १९४३ सालीं पहिली इंडियन डर्बी झाली, तेव्हां ती प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीनें जिंकली. घोडी बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव यांची, आणि तिच्यावर बसला होता एड्गर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन जॉकी. पुढें महाराजांची नजर इंग्लंडकडे वळली. १९४५ सालीं तेथील डर्बी दांते नांवाच्या घोड्यानें जिंकली होती. त्याच दांतेचा सख्खा भाऊ, म्हणजे नियार्को या घोड्याचें व रोझी लेजंड या घोडीचेंच शिंगरूं, त्या वर्षीं लिलांवांत आलें. महाराजांनीं तें २८,००० गिनींना घेतलें. वर्षाच्या शिंगराला इतकी किंमत ब्रिटनमधील लिलांवांत तोंवर कोणीं दिली नव्हती.

गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. त्या काळच्या दरानें हिशेब केला तर ही रक्कम सुमारें ३ लक्ष ९२ हजार रुपये होते. पूर्णेला चालणाऱ्या निजामाच्या हाली शिक्क्यांत तो आंकडा साडेचार लाखांवर जातो. लगाम अजून ज्याच्या तोंडाला नीट बसलेला नाहीं अशा जनावराची ही किंमत!

महाराजांनीं शिंगराला आपल्या आजोबांचें नांव दिलें. घरांत नातवाला आजोबांचें नांव ठेवण्याची आपली रीत आहे. घोड्याला तें ठेवणें कित्येकांना रुचणार नाहीं. नाशिक जिल्ह्यांतील कवळाण्याहून दत्तक जाऊन १८७५ सालीं बडोद्याच्या गादीवर बसलेले, १९०६ सालीं राज्यभर सक्तीचें शिक्षण सुरू करणारे, गांवोगांव ग्रंथालयें उघडणारे सयाजीराव महाराज महाराष्ट्रांतील सुशिक्षित घरांना परके नव्हते. पूर्णेहून निघालेली गाडी जेथें संपत असे त्या मनमाडापासून कवळाणें फारसें दूर नाहीं. असें नांव परक्या वर्तमानपत्राच्या शर्यतींच्या रकान्यांत छापलेलें दिसल्यावर, ज्यानें उभ्या आयुष्यांत एक पैसाही घोड्यावर लावला नाहीं, त्याचीही नजर तेथें अडखळावी, हें स्वाभाविक होतें. शर्यतीच्या नादानें धुळीस मिळालेलीं घरें पुण्यामुंबईस थोडीं नाहींत, आणि त्या नादाची तरफदारी कोणी करूं नये. परंतु घोड्यावर पैसा लावणें आणि घोड्यामागें मन लावणें या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

१९४७ च्या वसंतांत न्यूमार्केटची ‘दोन हजार गिनी’ ही एक मैलाची शर्यत झाली. ट्यूडर मिन्स्ट्रेल हा घोडा तींत आठ घोड्यांच्या लांबीचें अंतर ठेवून जिंकला. सयाजीराव तिसरा आला. पुढें लिंगफील्डला त्यानें एक शर्यत जिंकली आणि आशा पालवली. ७ जूनला एप्समची डर्बी होती. चारच दिवसांपूर्वीं, ३ जूनला, हिंदुस्थानच्या फाळणीची योजना जाहीर झाली होती; त्या आठवड्याच्या वर्तमानपत्रांत डर्बीला जागा मिळाली हेंच विशेष. निकाल विलक्षण लागला. सर्वांचा लाडका ट्यूडर मिन्स्ट्रेल चौथा गेला, आणि ज्याचा भाव एकास चाळीस होता तो पर्ल डायव्हर हा फ्रेंच घोडा पहिला आला. दुसरा मिगोली, हा आगाखानांचा, म्हणजे पुणेंमुंबईकरांच्या ओळखीच्या घरचा. आणि सयाजीराव पुन्हां तिसरा.

दूरच्या शौकिनाची खरी कसोटी अशा वेळीं लागते. मैदानावर बसलेल्याला घोडा कसा हरला हें दिसतें. वळणावर तो कोंडला गेला कीं त्याचा दम संपला, हें त्याला कळतें. दूरच्याला केवळ ‘३’ हा आंकडा दिसतो, आणि त्या आंकड्याचें कारण त्याला स्वतःच्या तर्कानें शोधावें लागतें. सयाजीरावाच्या बाबतींत हा तर्क कठीण नव्हता. एक मैलांत तो आठ लांब्यांहून अधिक मागें पडला होता, दीड मैलांत मात्र ट्यूडर मिन्स्ट्रेल त्याच्या मागें राहिला. म्हणजे हा घोडा उसळीचा नव्हे, दमाचा होता. अंतर वाढेल तसा तो उजळत होता. जूनअखेर आयर्लंडची डर्बी जिंकून त्यानें या तर्काला पुरावा दिला. आतां उरली डॉन्कास्टरची सेंट लेजर, पावणेदोन मैलांहून अधिक लांबीची.

परंतु जून आणि सप्टेंबर यांच्यामध्यें १५ ऑगस्ट आला. हिंदुस्थान स्वतंत्र झाला, हैदराबाद संस्थान बाहेर राहिलें. स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली. सत्याग्रही तुरुंगांत गेले. पूर्णेच्या स्थानकावर गाडीची वाट पाहणें आतां पूर्वींसारखें निश्चिंत राहिलें नव्हतें. संस्थानिकांचें पुढें काय, हा प्रश्न ज्या महिन्यांत सर्वत्र विचारला जात होता, त्याच महिन्यांत एका संस्थानिकाच्या घोड्यासाठीं जीव टांगणीला लागावा, यांत विसंगति होती खरी. आपल्यावरील नबाबी नको म्हणणाऱ्या माणसाला दुसऱ्या राजाच्या तबेल्याचा अभिमान वाटतो, आणि त्याबद्दल तो मनांतल्या मनांत लाजतोही.

सप्टेंबरांत सेंट लेजर धांवली. लगाम ब्रिटच्याच हातीं होता. शेवटच्या टप्प्यांत फ्रान्सचा आर्बार हा घोडा सयाजीरावाला भिडला, आणि मिगोली मागें राहिला. एका डोक्याच्या अंतरानें सयाजीराव जिंकला. पावणेदोन मैल धांवून एक डोकें! दुसऱ्या कोणत्याही हिशेबांत हें अंतर धरलेंही जाणार नाहीं. पण ज्यानें वसंतापासून ‘तिसरा, तिसरा’ असें वाचलें होतें त्याला तें पुरेसें होतें.

विजयाची ही बाजू झाली. दुसरी बाजू बडोद्यांत दिसूं लागली होती. घोड्यांसाठीं व इतर विलासासाठीं जाणारा पैसा शेवटीं रयतेचा, अशी प्रजामंडळाची तक्रार होती, आणि ती खोटी नव्हती. १९४८ सालीं महाराजांच्या माय बाबू या घोड्यानें ‘दोन हजार गिनी’ जिंकली. परंतु १९४९ च्या मे महिन्यांत बडोदें संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें, आणि १९५१ सालीं प्रतापसिंहरावांची मान्यता भारत सरकारनें काढून घेतली. सक्तीच्या शिक्षणासाठीं ओळखल्या जाणाऱ्या आजोबांचें नांव ज्या पैशानें घोड्याला मिळालें त्याचा हिशेब असा चुकता झाला. इकडे हैदराबादेंतही सप्टेंबर १९४८ मध्यें पोलीस कारवाई होऊन निजामाची सत्ता संपली होती.

घोड्याला यांतील कशाचीच कल्पना नव्हती. सयाजीराव आयर्लंडांत पैदाशीसाठीं राहिला. त्याची मुलगी ग्लॅडनेस हिनें १९५८ सालीं अ‍ॅस्कटचा गोल्ड कप जिंकला, तीही अडीच मैलांची, दमाचीच शर्यत. १९६४ सालीं सेंट लेजर जिंकणारा इंडियाना हा त्याचा मुलगा. त्या वेळीं परभणी जिल्हा महाराष्ट्रांत येऊन चार वर्षें झालीं होतीं. इंडियानाच्या नांवाखालीं वंशावळींत बापाचें नांव छापलें जाई. १९६६ सालीं सयाजीराव मरण पावल्यानंतरही तें तेथें राहिलें.