मिठागराचा कारकून आणि व्यवस्थापनाची पदवी

अलिबाग-मुरूडच्या पट्ट्यात वाणिज्य शिकवण्यात माझी एकतीस वर्षे गेली. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आलेली मुले दिवाळीची सुट्टी संपली की एकच प्रश्न घेऊन येत. ‘सर, लगेच एमबीएची सीईटी देऊ, की दोन-तीन वर्षं नोकरी करून मग?’ या प्रश्नाला व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांत उत्तरे पुष्कळ आहेत, पण ती बहुतेक अमेरिकेतल्या विद्यापीठांचे अनुभव समोर ठेवून लिहिलेली आहेत. आधी काम की आधी शिक्षण, हा प्रश्न आपल्या किनाऱ्यावर पूर्वी कसा सोडवला जाई, हे कुणी पाहिलेले दिसले नाही. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा मी ते पाहायला घेतले.

सुरुवात एका शब्दापासून करतो. ‘उमेदवार’ म्हटले की आज आपल्याला निवडणूक आठवते. मूळ फारसी अर्थ आशा धरून असलेला एवढाच. जुन्या कचेऱ्यांतून हा शब्द अशा माणसासाठी वापरात होता, जो पगाराविना किंवा नाममात्र पोटगीवर दफ्तरात बसे, नकला उतरवी, मोडी वळण घटवी, ताळेबंद जुळवायला शिके आणि जागा रिकामी झाली की तिथे लागण्याची आशा धरी. इंग्रजी अमलात मामलेदार कचेरीतही ही चाल बराच काळ टिकली. उमेदवारी म्हणजे शिक्षण आणि नोकरी यांच्या मधली पायरी नव्हे, तर तेच शिक्षण. मेस्तकांसारखी हिशेबाची आणि पत्रलेखनाची टिपणे होती, पण ती हाताशी ठेवण्याची, कामाला बसलेल्या माणसासाठी.

कोळीवाड्यातही रीत हीच. पोरगा पहिल्यांदा होडीवर चढतो तो चूल आणि पाणी सांभाळायला. मग जाळे ओढणारा खलाशी होतो आणि कित्येक वर्षांनी, नाखव्याचा विश्वास बसला तर, तांडेल. तांडेलकी कुणी आधी शिकून येत नाही.

या रीतीचे रायगड किनाऱ्यावरचे सगळ्यांत मोठे उदाहरण श्रीवर्धनचे आहे. बाळाजी विश्वनाथ भट यांचे घराणे तिथल्या वतनदारांपैकी. जंजिऱ्याच्या सिद्दीशी बिनसल्यावर त्यांना गाव सोडावे लागले. चिपळूणला मिठागराच्या वसुलीवर त्यांनी काही काळ कारकुनी केली, असे इतिहासकार सांगत आले आहेत. पुढे घाटावर आल्यावर धनाजी जाधवांच्या पदरी महसुलाचे काम, पुणे प्रांताची आणि नंतर दौलताबादेची सरसुभेदारी, मग ‘सेनाकर्ते’ हा किताब, आणि १७१३च्या नोव्हेंबरात शाहू महाराजांकडून पेशवाईची वस्त्रे. तोवर ते पन्नाशीच्या आसपास होते. पेशवेपद ही त्यांना मिळालेली पदवी मानली, तर तिच्याआधी निदान वीस-पंचवीस वर्षांचा कामाचा अनुभव होता. आपल्या इतिहासलेखनात ही वर्षे एका परिच्छेदात उरकली जातात, कारण त्यांत लढाई नाही. मला मात्र तीच वर्षे महत्त्वाची वाटतात.

मिठागरावर कारकून काय शिकतो? उरण-पेणकडची मिठागरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे सांगायला नको. भरतीचे पाणी आत घ्यायचे, उन्हाने आटवायचे, मीठ ओढून रास घालायची. रास मोजली की वहीत आकडा पडतो. पण मीठ ओल धरते आणि सोडते, आज मोजलेली रास महिन्याने तेवढीच भरत नाही. अवकाळी पाऊस झाला तर निम्मी रास पाण्यात जाते. वाहतुकीत गळते, रात्री चोरीला जाते. वहीतली जमा आणि राशीतले मीठ यांत तूट ही येणारच. नैसर्गिक तूट किती, कुणाच्या खिशात गेलेली किती, आणि वसूल मागताना कुठवर ताणायचे, हे ज्याला कळले तो कारकून कामाचा.

आता १७१९ सालाकडे या. बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतले. दख्खनच्या सहा सुभ्यांतल्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा म्हणजे चौथाई, आणि त्याशिवाय दहावा हिस्सा सरदेशमुखी. चौथाईची वाटणी अशी ठरली: शेकडा २५ राजबाबती, म्हणजे छत्रपतींचा वाटा; ६ साहोत्रा, पंत सचिवांकडे; ३ नाडगौडा, छत्रपतींच्या मर्जीनुसार द्यायचा; उरलेला ६६ ऐन मोकासा, फौज बाळगणाऱ्या सरदारांना. एकेका सरदाराचे हक्क एकाच सलग मुलखात न ठेवता विखुरलेले ठेवले गेले. त्यामुळे हिशेब इतका गुंतागुंतीचा झाला की दफ्तराशिवाय कुणाचे पान हलेना. ग्रँट डफने यात ब्राह्मण कारकुनांचा स्वार्थ पाहिला, आणि त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही.

पण डफनेच नोंदवलेली दुसरी गोष्ट माझ्या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे. मागणी बसवली ती जुन्या ‘तनख्या’वर, म्हणजे कागदावरच्या मूळ आकारणीवर. लढायांनी उजाड झालेला मुलूख तेवढे देऊ शकत नव्हता, हे मागणाऱ्यालाही ठाऊक होते. तरी आकडा तोच ठेवला, कारण वसूल कमी आला की बाकी राहते आणि बाकी राहिली की हक्क जिवंत राहतो. कागदावरची जमा आणि हाती आलेला वसूल यांतले अंतर बहुतेक कारभाऱ्यांना अडचण वाटते. इथे तेच अंतर राज्याचे हत्यार केले गेले. याचे बीज चिपळूणच्या मिठागरात होते हा माझा तर्क आहे, कागदोपत्री पुरावा नाही. तनख्याची ही युक्ती रयतेला जाचक ठरली, हेही त्याच दमात सांगायला हवे. अनुभवाने माणूस शहाणा होतो, दयाळू होतोच असे नाही.

१७१४मध्ये कान्होजी आंग्र्यांशी झालेला तहही असाच पाहता येतो. आधीचे पेशवे बहिरोपंत पिंगळे फौज घेऊन गेले आणि कान्होजींच्या कैदेत पडले. बाळाजी विश्वनाथ गेले ते बोलणी करायला. कान्होजींकडे दहा किल्ले आणि सोळा लहान ठाणी राहिली, त्यांनी शाहूंचा पक्ष धरला, कुलाब्याचे आरमार छत्रपतींच्या बाजूला आले. आरमार कशावर जगते, खाडीतल्या जकातीवर किती पोसते, हे किनाऱ्यावर कारकुनी केलेल्या माणसाला साताऱ्याच्या दरबारातल्या इतर कुणाहीपेक्षा चांगले कळत असणार.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग जुनी रीतच बरी. तसे मला म्हणायचे नाही. उमेदवारीला बसायला कचेरीत आधी कुणीतरी आपला माणूस लागे. काका, मामा, निदान गाववाला. फुकट राबायचे तर घरी खायला हवे. आणि जात तर आधीच दारात उभी असे. आगरी, कोळी, महार, कातकरी यांच्या मुलांसाठी मामलेदार कचेरीतली ती गादी कधी नव्हतीच. शाळा-कॉलेज आणि परीक्षा आल्या तेव्हा निदान तत्त्वतः दार उघडले. पदवीचा तो मोठा गुण आहे.

आणि तरीही पदवी पुरेशी नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबियात आणि लंडनमध्ये अर्थशास्त्र शिकून १९१७मध्ये परतले. बडोद्याच्या नोकरीत शिपाईही कागद लांबून टाकत. मुंबईत त्यांनी शेअर्सच्या व्यवहारात सल्ला देण्याचे काम सुरू केले, तर सल्लागाराची जात कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले. म्हणजे त्या काळी हिंदुस्थानात फार थोड्यांपाशी असेल असे शिक्षण ज्याच्यापाशी होते, त्याला बाजाराने अनुभव घेऊ दिला नाही. ‘आधी अनुभव घ्या’ असा सल्ला देणाऱ्या प्रत्येकाने, मीही त्यात आलो, हे उदाहरण समोर ठेवावे. १९१८मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले.

हे सिडनहॅम म्हणजे १९१३मध्ये मुंबईत सुरू झालेले, आशियातले पहिले वाणिज्य महाविद्यालय म्हणून ओळखले जाणारे. ज्या वर्षी आंबेडकर तिथे आले त्याच वर्षी मुंबई सरकारने हिशेबनिसांसाठी ‘गव्हर्न्मेंट डिप्लोमा इन अकाउंटन्सी’ सुरू केला. त्याची अट लक्षात घेण्याजोगी आहे. परीक्षा उत्तीर्ण होणे पुरेसे नव्हते. मान्यताप्राप्त हिशेबनिसाच्या हाताखाली तीन वर्षे काम केले तरच लेखापरीक्षणाचा विनाअट परवाना मिळे. जुन्या उमेदवारीतला कस इथे ठेवला होता आणि त्यावर परीक्षेची चाळणी बसवली होती. आजच्या सनदी लेखापालांची आर्टिकलशिप त्याच वळणाची. माझ्या मते आपल्याकडे वाणिज्य शिक्षणात सापडलेली ही सगळ्यांत समतोल व्यवस्था, आणि तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो.

मग फाटा फुटला. डिसेंबर १९६१ या एका महिन्यात दोन गोष्टी झाल्या. अहमदाबादला भारतीय व्यवस्थापन संस्था स्थापन झाली (कलकत्त्याची महिनाभर आधी झाली होती), आणि संसदेचा ‘अॅप्रेंटिसेस अॅक्ट’ कायदा झाला. मराठीत आपण अॅप्रेंटिसला ‘शिकाऊ उमेदवार’ म्हणतो. जुना शब्द कारखान्यात गेला. फिटर, टर्नर, वेल्डर होणाऱ्याने करून शिकायचे. साहेब होणाऱ्याने वर्गात शिकायचे, आणि हाताने काही केले नसले तरी चालेल. दोन्ही संस्थांची गरज होती, पण एका महिन्यात घातलेली ही वेगळी पायवाट पुढे इतकी रुळली की ती नैसर्गिक वाटू लागली. महाराष्ट्राच्या एमबीए सीईटीला आजही पदवी आणि गुणांची अट आहे, एका दिवसाच्याही नोकरीची नाही.

त्या काळात वेगळा विचार करणारी संस्था नव्हती असे नाही, आणि तिथे पुन्हा आपल्या जिल्ह्याचा माणूस भेटतो. चिंतामणराव देशमुख रायगडच्या पायथ्याजवळ नाते इथे १८९६मध्ये जन्मले, घराणे रोह्याचे. मराठी वाचक त्यांना मेघदूताच्या अनुवादासाठीही ओळखतो. आयसीएस होऊन त्यांनी मध्य प्रांत-वऱ्हाडात जमिनीच्या सारा-आकारणीची कामे केली. म्हणजे गावोगाव हिंडून, कागदावरचे शेत आणि पायाखालचे शेत ताडून पाहायचे काम. तिथून अर्थखात्याचे सचिव, १९३९मध्ये रिझर्व्ह बँकेत, १९४३मध्ये तिचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५० ते १९५६ केंद्रीय अर्थमंत्री. १९५६मध्येच हैदराबादला अॅडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज उभे राहिले. इंग्लंडमधल्या हेन्ली इथल्या संस्थेच्या धर्तीचे हे कॉलेज पदवी देत नव्हते आणि ताज्या पदवीधरांना घेतही नव्हते. सरकारी खात्यांत आणि कारखान्यांत काही वर्षे जबाबदारी सांभाळलेले लोक काही आठवडे तिथे राहत, लहान गटांत बसून एकमेकांच्या अनुभवाची छाननी करत. देशमुख पुढे बरीच वर्षे त्या संस्थेचे अध्यक्ष होते. ही दुसरी वाट मात्र बारीकच राहिली. हैदराबादची इंडियन स्कूल ऑफ बिझनेस २००१मध्ये कामाच्या अनुभवाची अट घेऊन सुरू झाली, अहमदाबादने अनुभवींसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम २००६मध्ये काढला, तोवर चाळीसेक वर्षे गेली होती.

दरम्यान आमच्याच किनाऱ्यावर एक प्रचंड कार्यशाळा उभी राहिली होती. १९८४च्या जानेवारीत जासई-नवघर परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण गेले. १९८९च्या मे महिन्यात न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. मिठागरांच्या आणि भातखाचरांच्या जागी कंटेनर आले. माझे कितीतरी विद्यार्थी तिथल्या यार्डांत टॅली क्लार्क म्हणून, कस्टम एजंटांकडे कागदपत्रे फिरवणारे म्हणून लागले. घरच्यांना ती नोकरी म्हणजे एमबीए न जमल्याची खूण वाटे.

त्यांतल्या एका विद्यार्थिनीने तीन वर्षे यार्डात काढून मग एमबीएला प्रवेश घेतला. तिने सांगितलेली गोष्ट अशी. वर्गात आयात मालाच्या प्रवासाची आकृती फळ्यावर होती. कस्टमचा ‘आउट ऑफ चार्ज’ शिक्का पडला की माल सुटला, पुढचा बाण थेट गोदामाकडे. तिने विचारले, कंटेनर थप्पीत सगळ्यांत खाली असेल तर? शिक्का शुक्रवारी दुपारी पडला, क्रेन सोमवारी मिळाली, तर तीन दिवसांचे भाडे कोणत्या खात्यात पडते? प्राध्यापक भला माणूस होता, त्याने तो तास तिलाच घ्यायला लावला. बाकी वर्ग, जवळजवळ सगळा थेट पदवीनंतर आलेला, वहीत उतरवून घेत होता. कागदावर सुटलेला माल आणि थप्पीत अडकलेला माल यांतले अंतर तिला कुणी शिकवले नव्हते. तिने ते उन्हात उभे राहून मोजले होते. मात्र त्या तीन दिवसांच्या भाड्याला साठ्याच्या एकूण खर्चाच्या सूत्रात कसे बसवायचे, हे तिला त्या वर्गातच कळले, हेही ती मोकळेपणाने सांगते. यार्डात राहिली असती तर तक्रार करत राहिली असती, म्हणाली.

म्हणून विचारणाऱ्याला मी दोन-तीन वर्षे काम करून मग जा असेच सांगतो. त्यातही जिथे माल, पैसा किंवा माणसे प्रत्यक्ष मोजावी लागतात असे काम शोध, वातानुकूलित कचेरीत सादरीकरणे सजवण्याचे नको, असे सांगतो. आणि घरच्या अडचणीमुळे ज्याला नाइलाजाने नोकरी धरावी लागली त्याला, ही वर्षे अर्जात दडवू नकोस, मुलाखतीत आधी तीच सांग, असे सांगतो.

नव्या शैक्षणिक धोरणाने महाराष्ट्रात पदव्युत्तर वर्गांना ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आणले आहे. चार श्रेयांक, म्हणजे १२० तास. कल्पना योग्य दिशेची आहे. यंदा आमच्या कॉलेजातल्या तरुण सहकाऱ्यांकडून त्याची प्रमाणपत्रे मागवून चाळली. अलिबाग शहरातल्या मुलांनी बहुतेक सनदी लेखापालांच्या कचेऱ्यांतून आणली आहेत, रेवदंडा-मुरूडच्या मुलांनी नात्यातल्या दुकानांतून आणि लॉजमधून. सुधागडच्या बाजूने येणाऱ्या दोन मुलींची अजून यायची आहेत. त्यांच्या ओळखीचे असे कुणी नाही.