एका फुलाचे कूळ

मुहूर्त न काढता, पत्रिका न जुळवता रानात लागलेल्या एका लग्नाची ही हकीकत. फिलिपाईन बेटांतील रानांत फॅलेनॉप्सिस या ऑर्किडच्या दोन जाती आहेत. एकीची फुले मोठी, पांढरीशुभ्र, तर दुसरीची लहान, गुलाबी. तिकडून आलेले एक फूल इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडली यांनी पाहिले. ते दोहोंच्या मधले होते. १८५३ साली त्यांनी त्याला ‘इंटरमीडिया’, म्हणजे मधले, असे नाव दिले आणि ते या दोन जातींच्या संकरातून जन्मले असावे, असा तर्क मांडला. माणसाने संकर करून ऑर्किड फुलविले ते त्यानंतर, १८५६ साली. मग रानात कोणत्या किड्याने कोणाचे पराग कोठे नेले, याला साक्षीदार कोठून आणावा?

१८६५ साली लिंडली वारले. पुढे व्हीच यांच्या रोपवाटिकेतील जॉन सेडन यांनी त्याच दोन जातींचा हाताने संकर केला. १८८६ साली रोपाला फूल आले, ते थेट रानातल्यासारखेच! तेहतीस वर्षांनी निकाल लागला. तो ऐकायला लिंडली मात्र नव्हते.

वर्गात एखाद्या मुलाचे उत्तर मला पटत नाही, तेव्हा लाल रेघ ओढण्यापूर्वी हे फूल आठवते.