उचललं, पण पेललं का?

‘भारोत्तोलन’ हा शब्द मराठीत छापला जातो, बोलला मात्र सहसा जात नाही. २००८ च्या ऑक्टोबरात, १२ ते १८ तारखेदरम्यान, पुण्यात राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या. एडिंबरा आणि बेंडिगोनंतरची ही तिसरी खेप, आणि मुख्य ठाणं बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल. नऊ खेळांच्या यादीत कुस्ती होती, नेमबाजी होती, तसं भारोत्तोलनही होतं. कुस्तीला आपल्याकडे कुणी ‘रेसलिंग’ म्हणत नाही. नेमबाजी हा शब्दही अंगवळणी पडला. भारोत्तोलनाच्या वाट्याला ते भाग्य आलं नाही. उचलणारे, शिकवणारे, बघणारे सगळे ‘वेटलिफ्टिंग’च म्हणतात. लांबीला दोष द्यावा, तर दोन्ही शब्द पाच-पाच अक्षरांचे. गंमत अशी की भारोत्तोलनातले दोन्ही तुकडे आपण दिवसभर बोलत असतो. एकत्र आले की मात्र ओळख देत नाहीत.

आधी ‘भार’. संस्कृत ‘भृ’ म्हणजे वाहणं, धारण करणं, पोसणं. त्यातून भर्ता आला, भार्या आली, भृत्य आला; पोसणारा एक आणि पोसायची माणसं दोन. इंग्रजीतला ‘बेअर’ हा याच घराण्यातला लांबचा भाऊबंद. मराठीत या भाराने चांगलाच संसार थाटला. साहेब ‘पदभार’ स्वीकारतात, आपण ‘आभार’ मानतो, आणि पुण्यात मिसळीपासून सिनेमापर्यंत आवडेल ते सगळं ‘भारी’ असतं. ओझ्याचा शब्द कौतुकाचा झाला, याचं नवल वाटायला नको. ‘वजन’ या शब्दाचंही तेच झालं. तो अरबी ‘वज़्न’. फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. अरबी छंदशास्त्रात वृत्ताच्या मापालाही वज़्नच म्हणतात, म्हणून गझल लिहिणारे अजून ओळीचं वजन बघतात. आपल्याकडे शब्दाला वजन असतं, नेते वजनदार असतात, आणि फाइल पुढे सरकत नसेल तर तिच्यावर वजन ठेवावं लागतं.

दुसरा तुकडा ‘उत्तोलन’. उत् म्हणजे वर, आणि पुढे ‘तोलन’. हा ‘तुल्’ धातू फार मोठ्या गोतावळ्याचा. तुला, तुलना, अतुल, तोल, समतोल ही त्याची जवळची माणसं. घराच्या आढ्याखालची तुळई त्याचीच, आणि लक्ष्मी रोडवरच्या पेढीवर मोजला जातो तो तोळाही त्याचाच. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. एखाद्याची प्रकृती नाजूक असली की आपण तिला ‘तोळामासा’ म्हणतो. म्हणजे भारोत्तोलनाच्या पोटातच तोळामासा प्रकृती दडलेली आहे! ‘तुल्’चा मूळ अर्थ वर उचलून धरणं असा दिसतो. लॅटिनमध्ये ‘तोल्लेरे’ म्हणजे उचलणं. ग्रीकांचा ‘तालान्तोन’ म्हणजे आधी तराजू, मग चांदीचं एक मोठं वजन. बायबलातल्या एका दाखल्यामुळे त्या वजनाचा अर्थ देवदत्त गुण असा झाला आणि ‘टॅलेंट’ जन्माला आलं. टीव्हीवर जो टॅलेंटचा शोध चालतो, तो एका अर्थी तोळ्याच्या चुलतभावाचा शोध असतो.

अमरकोशात तर हे दोन्ही शब्द एकाच कोष्टकात बसले आहेत: शंभर पलं म्हणजे एक तुला, वीस तुला म्हणजे एक भार. ‘वेटलिफ्टिंग’ तरी कुठे परकं आहे? ‘वेट’चं मूळ वाहण्यात आहे, आपला ‘वह्’ आणि तो एकाच मुळाचे, म्हणजे ‘वाहन’ आणि ‘वेट’ हे नातलग. ‘लिफ्ट’ आला उत्तर युरोपातल्या लोकांच्या हवेच्या शब्दावरून. लिफ्ट करणं म्हणजे हवेत नेणं. ‘हेवी’ हा ‘हीव्ह’ या उचलण्याच्या क्रियापदावरून. भार, तोल, वेट, हेवी या सगळ्यांचा कौल एकच पडतो: माणसाने आधी उचलून पाहिलं आणि मग त्या अनुभवाला वजन हे नाव दिलं. तराजू नंतरचा.

उचलायला शिकवणाऱ्या जागांची नावं पाहिली तर वेगळीच गोष्ट हाती लागते. ‘तालीम’ म्हणजे अरबीत शिक्षण. ‘इल्म’ आणि ‘तालीम’ एकाच धातूचे. उर्दूत आजही तालीम म्हणजे शाळा-कॉलेजचं शिक्षण. मराठीने मात्र तो शब्द लाल मातीत उतरवला आणि नाटकवाल्यांनाही वापरायला दिला. शिक्षक तो ‘उस्ताद’, मराठीत ‘वस्ताद’. पुढे वस्ताद म्हणजे बेरकी असाही अर्थ चिकटला. ‘जोर’ फारसी आणि ‘पैलवान’ही फारसीच. इराणातल्या व्यायामशाळेला ‘जोरखाना’ म्हणतात, हे ऐकून जोर काढणाऱ्या कुणालाही घरच्यासारखं वाटेल.

‘जिम’चा प्रवास नेमका उलटा झाला. ग्रीक ‘गुम्नोस’ म्हणजे उघडा. उघड्या अंगाने व्यायाम करायची जागा ती ‘गुम्नासिओन’. अथेन्समधल्या अशाच जागी प्लेटो आणि अ‍ॅरिस्टॉटल शिकवायचे, आणि जर्मनीत ‘गिम्नाझियुम’ म्हणजे चक्क माध्यमिक शाळा झाली. आपली तालीम शाळेतून मातीत आली, त्यांची जिम मातीतून शाळेत गेली. पुण्यात या दोन्हींची गाठ एका नावात पडते: मानाचा तिसरा गणपती, गुरुजी तालीम, स्थापना १८८७. ‘गुरु’चा मूळ अर्थ शिक्षक नव्हे, जड. लघु-गुरु आणि गुरुत्वाकर्षण यांत तो अजून जिवंत आहे. ग्रीकांचा ‘बारुस’ त्याचाच भाऊ, ज्यावरून बॅरोमीटर आला. गुरु म्हणजे जड आणि तालीम म्हणजे शिकणं. लक्ष्मी रोडवरच्या त्या नावात जडाचं शिक्षण आपोआप जमून आलं आहे.

हत्यारांची नावंही ऐकण्यासारखी आहेत. तालमीतला मुद्गल म्हणजे संस्कृत ‘मुद्गर’. त्याचाच अपभ्रंश धुणं बडवायची मोगरी. मुद्गर हे संस्कृतात एका फुलाचंही नाव आहे, तोच आपला मोगरा. गजऱ्यातली कळी आणि पैलवानाच्या खांद्यावरचं लाकूड एका नावाचं निघावं, हे भाषेलाच सुचू शकतं. पाश्चात्त्यांचं ‘डंबेल’ म्हणजे शब्दशः मुकी घंटा. अठराव्या शतकात इंग्लंडात चर्चची घंटा ओढल्यासारखा, पण आवाज न करणारा व्यायामाचा सांगाडा होता. त्याचं नाव हातातल्या वजनांना पडलं. मग दांडा लांब झाला तेव्हा ‘बार’ला ‘बेल’ जोडून ‘बारबेल’ तयार केलं. घंटा केव्हाच गेली, नाव राहिलं.

बालेवाडीच्या त्या स्पर्धेचं शुभचिन्ह होतं ‘जिगर’ नावाचा वाघ. जिगर म्हणजे फारसीत यकृत. नुसता अर्थ जुळतो असं नाही, ‘यकृत’ आणि ‘जिगर’ हे एकाच प्राचीन शब्दाचे दोन उच्चार आहेत. धैर्य यकृतात राहतं असं मानणारे इराणी, आणि ‘वाघाचं काळीज’ म्हणणारे आपण. दोन वर्षांनी दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ‘शेरा’ आला. हिंदी कानाला त्यात वाघ-सिंह ऐकू येतो. मराठी कानाला शेर म्हटलं की वजन आठवतं, ऐंशी तोळ्यांचं. १९५६ च्या कायद्याने शेराला किलोपुढे बाद केलं, तरी ‘शेरास सव्वाशेर’ला कुणी हात लावू शकलं नाही.

या म्हणीचा हिशेब ३० जुलै २०२२ रोजी बर्मिंगहॅममध्ये अक्षरशः मांडला गेला. राष्ट्रकुल स्पर्धेच्या पुरुषांच्या ५५ किलो गटात सांगलीचा संकेत सरगर स्नॅचमध्ये, म्हणजे दांडा एका दमात थेट डोक्यावर नेण्याच्या प्रकारात, ११३ किलो उचलून पुढे होता. मलेशियाचा अनिक कसदान १०७ वर. क्लीन अँड जर्कमध्ये संकेतने १३५ केले आणि १३९ मागितले. पुरुषांचा दांडा २० किलोचा, दोन कॉलर अडीच-अडीचच्या. १३५ साठी दोन्ही टोकांना २५ च्या दोन-दोन लाल चकत्या आणि एकेक पाचची पांढरी, एवढं पुरतं. १३९ करायला दर बाजूला दोन किलोची एकच छोटी निळी चकती वाढते, आणि मणाच्या हिशेबात जवळजवळ पावणेचार मण होतात. तिथे संकेतच्या उजव्या कोपराला दुखापत झाली. दुसरा आणि तिसरा, दोन्ही प्रयत्न वाया गेले. कसदानने १४२ केले. एकूण बेरीज २४९ विरुद्ध २४८. फरक एका किलोचा, म्हणजे जुन्या मापात शेराहून किंचित जास्त. रुपेरी पदक आलं आणि त्या स्पर्धेत भारताचं खातं उघडलं.

‘१३९ उचलता आले नाहीत’ असं अशा वेळी बातमीत येतं. मला इथे ‘उचलणं’ हे क्रियापद अपुरं वाटतं. क्लीन म्हणजे दांडा अंगाला न टेकवता, स्वच्छ, थेट खांद्यावर घेणं. पूर्वी युरोपात तो पट्ट्यावर टेकवत टप्प्याटप्प्याने वर नेण्याची रीत होती, तिच्याहून हा प्रकार वेगळा म्हणून हे नाव. जर्क म्हणजे तिथून हिसक्याने डोक्यावर. पण दांडा वर गेला म्हणजे झालं असं नाही. हात आणि पाय सरळ, पावलं एका रेषेत, शरीर निश्चल, आणि पंचांची खूण होईपर्यंत तसंच उभं राहायचं. कोपर वाकून पुन्हा सरळ झालं तरी लाल दिवा. तीन पंचांपैकी दोघांनी पांढरा दिला तरच ते वजन खात्यावर चढतं.

मराठी भाषा उचलण्यावर मुळातच फारसा विश्वास टाकत नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, हे न विचार करता बोलणाऱ्याचं वर्णन. ‘उचल’ म्हणजे कामाआधी घेतलेले पैसे, ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांना चांगलेच माहीत असलेले. ‘उचल्या’ म्हणजे चोर, आणि ‘उचलबांगडी’ कुणाच्याच वाट्याला येऊ नये. विडा उचलतात, पण तो फक्त पण झाला. तो तडीस नेण्याला आपल्याकडे वेगळं क्रियापद आहे: पेलणं. जबाबदारी पेलतात, आव्हान पेलतात, आणि शिवधनुष्य तर पेलावंच लागतं. जनकाच्या दरबारात देशोदेशीचे राजे जमले, तीही एका परीने भारोत्तोलनाचीच स्पर्धा होती. हिंदीत ‘पेलना’ म्हणजे ढकलणं, ‘दंड पेलना’ म्हणजे जोर काढणं. मराठीने त्याच शब्दात तोलून धरणं आणलं, ओझ्याखाली न डगमगणं आणलं.

म्हणजे इंग्रजी नाव उचलण्यापाशी थांबतं आणि संस्कृत नावही ‘उत्तोलन’ म्हणून तिथेच थांबतं. पंच मात्र त्यापुढचे दोन क्षण मोजतात, आणि त्या दोन क्षणांसाठी नेमका शब्द मराठीपाशी तयार आहे. खेळाचं नाव बदला असं मी म्हणत नाही; वेटलिफ्टिंग आता मराठीच झालं आहे आणि भारोत्तोलन मथळ्यांत खुशाल राहो. पण समालोचन करताना, बातमी लिहिताना ‘१३५ पेलले, १३९ पेलले नाहीत’ असं म्हणून पाहावं. नियमांचं पुस्तक न उघडताही ऐकणाऱ्याला कळेल की पंचांनी दिवा कशाला दिला आणि कशाला नाकारला.