ऊसतोड स्थलांतर आणि प्राथमिक शिक्षण

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या अनेक जिल्हा परिषद शाळांचे वर्ग रोडावू लागतात. मुकादमाकडून (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून) आगाऊ घेतलेली उचल फेडायला आईबाप पश्चिम महाराष्ट्र किंवा कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला निघतात, आणि सांभाळायला घरी कुणी नसेल तर मुलेही सोबत जातात. शाळेचे वर्ष जूनचे, गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल. म्हणजे दुसरे सत्र जवळजवळ पूर्ण बुडते.

नुकसान केवळ गैरहजेरीचे नसते. पहिली-दुसरीत जोडाक्षरे आणि हातच्याची बेरीज निसटली की तिसरीचे पुस्तक परके वाटते. नवरा-बायकोचा एक ‘कोयता’ पहाटेच फडावर जातो. मागे खोपीत पाणी भरणे, धाकट्याला सांभाळणे ही कामे मुलांकडे, त्यातही मुलींकडे येतात. ‘हुशार नाही’ हा शिक्का अशा मुलांवर फार सहज बसतो, आणि तो अन्यायाचा आहे.

यांतल्या बंजारा तांड्यावरच्या मुलांपुढे भाषेचाही प्रश्न असतो: घरी गोरमाटी, पुस्तकात प्रमाण मराठी.

उपाय दोन दिशांनी झाले. कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या. पण मजुरांच्या टोळ्या फड बदलत राहिल्या की पट टिकेना. दुसरा मार्ग हंगामी वसतिगृहांचा. त्यात मूल गावातच, बहुधा आजी-आजोबांजवळ राहते आणि जेवणाची सोय होते. त्याची शाळा तुटत नाही, म्हणून हा मार्ग अधिक परिणामकारक वाटतो. मात्र वसतिगृह टोळ्या निघण्याआधीच सुरू व्हावे लागते. गाडीत बसलेले मूल हंगाम संपेपर्यंत क्वचितच परतते.