चौलची भरली पेठ

चौलचे नाव निघाले की लढाया आठवतात. १५०८ मध्ये मिसरच्या मम्लूक सुलतानाचा सरदार अमीर हुसेन आणि गुजरातचा मलिक अयाज यांनी येथील खाडीच्या तोंडाशी पोर्तुगीज आरमाराला धूळ चारली. व्हाइसरॉय आल्मेदाचा मुलगा लोरेन्सो त्या लढाईत मारला गेला. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने पोर्तुगीजांच्या चौलला कित्येक महिने वेढा घातला आणि शेवटी तो उठवला. १५९४ मध्ये समोरचा कोर्लईचा डोंगर पोर्तुगीजांच्या हाती गेला. १६८३ मध्ये संभाजी महाराजांची फौज रेवदंड्याच्या तटाखाली आली. आम्ही शिक्षक मंडळी वर्गात हेच शिकवतो. मुले सनावळ्या पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरून जातात.

पण हे गाव लढायांवर जगले नाही. लढाईचे सारे दिवस एकत्र मोजले तरी ते थोड्याच वर्षांचे भरतील. उरलेली शेकडो वर्षे चौल जगले ते आपल्या पेठेवर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात 'सेमिल्ला' म्हणून त्याची नोंद आहे, टॉलेमीने त्याला 'सिमिल्ला' म्हटले आहे आणि कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत 'चेमुल'चे लोक भेटतात. त्यांत सोनाराच्या घराण्यातील दाता आहे. म्हणजे अगदी जुन्या कागदपत्रांत, किंवा दगडपत्रांत म्हणा, चौल आपल्याला दिसते ते राजाच्या नावाने नाही, कारागिराच्या आणि व्यापाऱ्याच्या नावाने.

आमचा प्रश्न साधा आहे. व्यापारी आणि कारागीर भरल्या पेठेत काम करणे का पसंत करतात? तिथे जागा अपुरी, भाडे जास्त, शेजारी तोच माल विकणारा बसलेला. शहाण्या माणसाने खरे तर तिथून दूर जायला हवे. तरीही तो तिथेच गाळा शोधतो. या प्रश्नाचे उत्तर चौलइतके स्पष्ट फार थोड्या ठिकाणी सापडेल, कारण इथे एकाच नावाची दोन शहरे एकमेकांपासून तासाभराच्या पायी वाटेवर उभी होती आणि माणसाला निवड करता येत होती.

पण त्याआधी मसऊदीकडे जायला हवे.

अरब इतिहासकार अबुल हसन अली अल-मसऊदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६ च्या सुमारास, चौलला आला. तो या गावाला 'सैमूर' म्हणतो. त्या वेळी मान्यखेटचे राष्ट्रकूट सार्वभौम होते आणि त्यांच्या वतीने उत्तर कोकणावर शिलाहार राजा झंझ राज्य करीत होता. मसऊदी लिहितो की येथे सुमारे दहा हजार मुसलमान वस्तीला आहेत. हा एका प्रवाशाचा अंदाज आहे, खानेसुमारी नव्हे, तेव्हा आकड्यावर फार भार देऊ नये. महत्त्वाचे आहे ते पुढचे. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेल्या लोकांनी येथे लग्ने केली, घरे केली असे तो सांगतो. हिंदच्या भूमीत मुसलमान आईबापांच्या पोटी जन्मलेल्यांना तो 'बयासिरा' म्हणतो. इथेच जन्मलेल्या मुसलमानासाठी वेगळा शब्द लागावा इतकी ही माणसे त्या काळीच इथली झाली होती. कोकणी मुसलमान कुठून आले, असा सवाल आजही कधी साध्या कुतूहलाने तर कधी वाकड्या नजरेने विचारला जातो. त्याला मसऊदीच्या या चार ओळी पुरेशा आहेत: जहाजातून आले, बाजारात बसले, इथल्या घरचे जावई झाले.

आणखी एक गोष्ट तो नोंदवतो. मुसलमानांच्या आपसातील कामकाजासाठी राजाने त्यांच्यातूनच एक प्रमुख नेमला होता. त्या पदाला 'हुनरमन' म्हणत. मसऊदीच्या वेळी अबू सईद मारूफ बिन जकरिया हा त्या पदावर होता. इस्तखरी आणि इब्न हौकल हे त्याच शतकातील भूगोलकारही लिहून गेले की या राजाच्या शहरांत मुसलमानांवर मुसलमान अधिकारीच नेमलेला असतो आणि तिथे जामा मशिदी आहेत. आमच्या मते चौलच्या भरभराटीचे मर्म येथे आहे. वादळाला, चाच्यांना घाबरणारा माणूस मुळात समुद्रात उतरतच नाही. व्यापाऱ्याला खरी भीती असते ती परक्या मुलखात हिशेबाचा तंटा पडला तर दाद कुणाकडे मागायची, याची. झंझ राजाच्या चौलमध्ये त्या प्रश्नाला उत्तर होते. शिवाय परतीचा वारा सुटेपर्यंत जहाजाला महिनोन्‌महिने बंदरात थांबावे लागे. थांबायचे तर माल ठेवायला वखार हवी, राहायला घर हवे, उधार देणारा सावकार हवा, बोली जाणणारा दलाल हवा, नमाजेला मशीद हवी. हे सारे एका माणसाला एकट्याने उभे करता येत नाही. ते आधीच उभे असलेल्या ठिकाणी तो जाऊन बसतो, आणि त्याच्या बसण्याने ते ठिकाण पुढच्या माणसासाठी आणखी सोयीचे होते.

१४६९ च्या सुमारास अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी होर्मुझहून एकच घोडा घेऊन चौलला उतरला. तेव्हा बहमनी राज्य होते. गोरा माणूस पाहायला लोक आपल्यामागून फिरतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. इथून तो जुन्नरकडे गेला. एका घोड्याचा मालक इतक्या लांब धंद्यासाठी येऊ शकतो, यावरून पेठेची पोच लक्षात यावी. मोठा व्यापारी कुठेही आपली जागा तयार करतो, लहान माणसाला मात्र भरलेली पेठच लागते.

त्यानंतर चाळीस-पन्नास वर्षांनी दुआर्ते बार्बोसा या पोर्तुगीजाने चौलचे जे वर्णन केले ते आम्हाला फार आवडते. एरवी गावात वस्ती बेताची, पण डिसेंबर ते मार्च या चार महिन्यांत घाटावरून लमाणांसारखे बैलांचे तांडेच्या तांडे उतरत. बैलांच्या पाठीवर गोण्या लादलेल्या आणि वीस-तीस बैलांमागे एक हाकणारा. गावापासून थोड्या अंतरावर मोठा बाजार भरे, घाटावरचे कापड आणि धान्य खाली येई आणि जहाजांवरचा माल वर जाई. म्हणजे घाट आणि दर्या यांची भेट ठरलेल्या दिवसांत ठरलेल्या जागी होई. ती जागा चुकवणाऱ्याला वर्षभर गिऱ्हाईक नाही. आजही आठवडे बाजाराच्या दिवशी दुसरे काम न ठेवणारी माणसे आपल्या ओळखीची असतील.

आता त्या दोन शहरांकडे. १५१६ मध्ये पोर्तुगीजांना चौलला वखार घालायला परवानगी मिळाली. १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाच्या संमतीने खाडीच्या मुखाशी किल्ल्याचे काम सुरू झाले. तेच आजचे रेवदंडा. आत चर्च आली, मठ आले, बाहेर तट आणि तोफा. अहमदनगरच्या राज्याचे 'वरचे चौल' मात्र आत, वाड्यांच्या सावलीत, आपल्या जागी राहिले. समुद्रावर पोर्तुगीजांचा दरारा असा की त्यांच्या परवान्याशिवाय जहाज हाकारणे धोक्याचे. बंदर त्यांचे, जकात त्यांची. हिशेबाने पाहिले तर सारा धंदा तटाच्या आत जायला हवा होता.

तसे झाले नाही. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आलेला फ्रेंच प्रवासी पिरार द लावाल वरच्या चौलबद्दल जे सांगतो ते ऐकण्यासारखे आहे. तिथे कुशल कारागिरांची दाट वस्ती होती. चिनी धर्तीच्या पेट्या, डबे, कपाटे, रंगीत लाखेचे पलंग तिथे होत. आणि रेशमी कापड तर इतके निघे की गोव्यालाच काय, साऱ्या हिंदला पुरावे. १६२० च्या दशकात आलेला इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला वाल्ले यानेही रेवदंड्याहून वरच्या चौलला जाऊन तिथली झाडांची सावली आणि बाजार पाहिला. रेवदंडाही गरीब नव्हते. पण हात चालत होते ते तटाबाहेर.

का? पोर्तुगीज अमलातील धार्मिक जाच हे एक कारण आहेच. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन बसले आणि त्याची छाया त्यांच्या इतर ठाण्यांवरही पडली. पण एवढ्यावर हिशेब मिटत नाही. विणकराला शेजारी दुसरा विणकर लागतो. कारण जिथे पन्नास माग आहेत तिथेच रेशीम विकणारा दुकान मांडतो, तिथेच रंगारी भट्टी लावतो, तिथेच माग दुरुस्त करणारा सुतार राहतो. एकट्या मागासाठी यांपैकी कुणी येणार नाही. तट बांधून शत्रू बाहेर ठेवता येतो, पण रंगारी, सुतार आणि सराफ यांना हुकुमाने एका गल्लीत आणून बसवता येत नाही.

हेच आम्हाला आमच्या भागातल्या बाजारात रोज दिसते. सहलीला गेलेल्या सहावीतल्या एका मुलाने विचारले होते की चपलांची सगळी दुकाने एकमेकांना चिकटून का, भांडत नाहीत का? भांडतात. पण गिऱ्हाइकाने मागितलेला नंबर आपल्याकडे नसला तर पोऱ्याला धावत पाठवून शेजारच्या दुकानातून जोड आणवतात, गिऱ्हाईक राखतात आणि संध्याकाळी हिशेब करतात. सुटे पैसे समोरच्याकडून येतात. जुम्म्याच्या नमाजेला एक जातो तेव्हा बाजूचा किराणावाला त्याच्या दुकानावर नजर ठेवतो, आणि गणपतीच्या दिवसांत हाच हिशेब उलटा होतो. उधारीवर कुणाला माल द्यावा आणि कुणाला नाही, याची बातमी चहाच्या टपरीवर फुकट मिळते. याला मोठी नावे द्यायची गरज नाही. पेठेतला माणूस याला 'शेजार' म्हणतो.

आमच्या विषयाचा, म्हणजे भाषेचा, एक पुरावाही इथे द्यावासा वाटतो. दुकान, बाजार, दलाल, सराफ, नफा, हिशेब, जिन्नस, जकात, बंदर, नाखवा हे शब्द मराठीचे की उर्दूचे, असे वर्गात विचारले की मुले गोंधळतात. मूळ अरबी-फारसी आहे. काही शब्द दरबारातून आले असतील, पण गिऱ्हाइकाच्या तोंडी बसले ते बाजारात. उलट कोकणी मुसलमानाच्या घरात वाडी, आगर, ओटी, पडवी हे शब्द बाहेरून आले असे कुणाला वाटतही नाही.

मग ही पेठ गेली कुठे? १६३६ मध्ये निजामशाही संपली आणि घाटावरून येणाऱ्या मालामागचा आधार डळमळला. नंतरच्या काळात या किनाऱ्यावर मराठे, मोगल, सिद्दी आणि पोर्तुगीज यांच्या चकमकी थांबेनात. तांडेवाला बैल घेऊन निघतो तो वाट सुखरूप असेल तर. पण खरा घाव मुंबईने घातला, आणि तोही तलवारीने नाही. १६६८ मध्ये मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीकडे आले. १६६९ ते १६७७ या काळात गव्हर्नर असलेल्या जेराल्ड औंजियरने सर्व धर्मांच्या व्यापाऱ्यांना आणि कारागिरांना तिथे येऊन राहण्यासाठी अभय दिले. चौलचे विणकर त्या काळात मुंबईला गेले आणि त्यांच्यासाठी तिथे वेगळी गल्ली बांधण्यात आली. झंझ राजाने जे केले होते तेच औंजियरने केले: ज्याचे तंटे त्याने आपल्या पंचांकडून सोडवावेत, ज्याची इबादत त्याने आपल्या रीतीने करावी. पहिला माग हलला तेव्हा चौलमध्ये कुणाला फारसे जाणवले नसेल. अनेक माग हलले तेव्हा रंगारी गेला. रंगारी गेल्यावर मागे राहिलेल्या विणकराला चौलमध्ये थांबून करायचे काय? १७४० मध्ये तहाने रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांकडे आले, तेव्हा ताब्यात आले ते मुख्यतः दगड.

आज रेवदंड्याच्या तटाच्या आत नारळ-सुपारीच्या वाड्या आहेत. सातखणी मनोरा अर्धामुर्धा उभा आहे. वरच्या चौलला हमामखान्याची पडकी इमारत पाहायला मिळते. ज्या गावात सार्वजनिक हमाम होता तिथे धूळ अंगावर घेऊन येणारे परगावचे लोकही किती असतील!

एक गंमत मात्र नोंदवण्यासारखी आहे. १९७० नंतर या किनाऱ्यावरच्या घराघरांतून तरुण आखातात गेले. मसऊदीच्या यादीतल्या ओमानलाही गेले. तिथला पैसा आणि बॅगांतून आलेला माल यांवर मुरूड, श्रीवर्धन, म्हसळ्याच्या बाजारांत पुन्हा जान आली. वाट तीच, दिशा उलटी.

आता नवी वेळ आली आहे. २०२० मध्ये मुंबई-मांडवा रो-रो बोट सुरू झाली, २०२४ च्या जानेवारीत शिवडी-न्हावा शेवा पूल खुला झाला. मुंबईची गाडी किनाऱ्यावर लवकर पोहोचते आणि गाडीवाल्याला अरुंद पेठेत शिरायचे नसते. त्यामुळे अनेकांना रस्त्याकडेची मोकळी जागा खुणावते. आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी जुन्या बाजारातला गाळा सोडून हमरस्त्यावर मोठे दुकान घातले. शनिवार-रविवारी गर्दी असते, ते समाधानी आहेत. सोमवार ते शुक्रवार काय करता, असे विचारल्यावर म्हणाले, "माश्या मारतो. आणि पाचशेची नोट सुटी करायला अर्धा किलोमीटर चालत जुन्या बाजारात जातो." त्यांचा जुना गाळा अजून बंदच आहे. त्याच्या दोन्ही बाजूंचे दुकानदार रोज संध्याकाळी त्याच्या पायरीवर बसून हिशेब करतात आणि तिसरा कुणी येतो का याची वाट पाहतात.