घरगुती सौर संचाची क्षमता ठरवणे

घराच्या गरजेइतकी वीज छतावर तयार करण्यासाठी किती किलोवॉटचा सौर संच लागेल, हे काढण्याची रीत. पुढील विवेचन महाराष्ट्रातील, महावितरणच्या वाहिनीला जोडलेल्या व नेट मीटर असलेल्या संचांबद्दल आहे.

हिशेब वीजबिलापासून सुरू करावा. पंखे, दिवे, फ्रिज यांचे वॉट मांडून बेरीज करण्याची पद्धत रूढ आहे. पण फ्रिजचा कॉम्प्रेसर सलग चालत नाही, गीझर थंडीतच जास्त लागतो, त्यामुळे ही बेरीज खऱ्या वापराशी क्वचितच जुळते. बिलावरची युनिटे मात्र मीटरने मोजलेली असतात. एकट्या मे महिन्याचे बिल धरले तर संच गरजेपेक्षा मोठा निघतो, डिसेंबरचे धरले तर लहान. म्हणून सलग बारा महिन्यांची युनिटे घ्यावीत.

सावली नसलेल्या १ किलोवॉट संचापासून राज्यात दिवसाला सरासरी ४, म्हणजे वर्षाला सुमारे १,४०० युनिट वीज मिळते. पुण्यातील एखाद्या कुटुंबाचा वर्षाचा वापर २,६४० युनिट असला, तर भागाकार १.९ येतो आणि २ किलोवॉट पुरतात. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे उत्पादन उन्हाळ्याच्या निम्म्यापर्यंत घसरू शकते. तरीही पावसाळ्यासाठी संच वाढवण्याचे कारण नाही: एखाद्या महिन्यात वापराहून जास्त वीज वाहिनीत गेली, तर ती युनिटे पुढच्या महिन्यांसाठी जमा राहतात. ही जमा ३१ मार्चला मिटवली जाते आणि उरलेल्या युनिटांचा मोबदला घरगुती दराच्या मानाने बराच कमी असतो.

म्हणूनच भागाकार मधला आला, तर संच खालच्या आकड्याचा घेणे बहुधा शहाणपणाचे ठरते. घरगुती दर टप्प्यांचे असतात. पहिली १०० युनिटे स्वस्त, पुढची महाग. संचाचा पहिला किलोवॉट महागडी युनिटे वाचवतो, शेवटचा स्वस्त युनिटे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर : मोफत वीज योजने’चे अनुदानही याच दिशेने उतरत जाते: पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० आणि त्यापुढे काहीच नाही. केवळ ७८,००० रुपयांचे पूर्ण अनुदान मिळावे म्हणून २ किलोवॉटच्या घराने ३ किलोवॉट बसवणे तोट्याचे आहे. वापर खरोखर वाढणार असेल, तर गोष्ट वेगळी. रात्री सहा तास, तीन महिने चालणारा एसी तासाला १ युनिट खात असेल, तर वर्षाला ५४० युनिटे वाढतात, त्यासाठी ०.४ किलोवॉट लागतात. विजेवर चालणारी मोटार येणार असेल, तर हा आकडा आणखी मोठा होतो.

यानंतर छत पाहायचे. १ किलोवॉटला सुमारे १०० चौरस फूट मोकळी, सावलीविरहित जागा लागते. गच्ची कितीही मोठी असली, तरी पाण्याची टाकी, जिन्याची खोली आणि शेजारची इमारत यांच्या सावल्या तिचा उपयोगी भाग आवळतात. पुण्यात डिसेंबरअखेरीस भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशच वर असतो. २ मीटर उंच टाकीची सावली त्या वेळी उत्तरेला १.८ मीटर पडते, सकाळी नऊच्या सुमारास तर दुपटीहून लांब जाते. पॅनेले एकाच साखळीत जोडलेली असल्यास एका पॅनेलवरची सावली इतरांचेही उत्पादन खाली ओढू शकते. त्यामुळे टाकीच्या दक्षिणेची जागा निवडावी आणि जागेची पाहणी शक्यतो हिवाळ्यात करावी. पॅनेलचे तोंड दक्षिणेला असावे.

पॅनेलवर छापलेले वॉट २५ अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेले असतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापते, अंशामागे ०.३५ टक्के घट धरली, तर १४ टक्के उत्पादन तिथेच जाते. पत्र्याच्या छतावर पॅनेलखालून वारा खेळता ठेवणे म्हणूनच महत्त्वाचे. दिवसाला ४ युनिटांची सरासरी काढताना ही घट आणि धुळीचा परिणाम गृहीत धरलेला असतो. त्यासाठी क्षमता पुन्हा वाढवू नये.

लोडशेडिंगच्या वेळी बॅटरी नसलेला संच भर उन्हातही बंद पडतो, कारण तारांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी इन्व्हर्टर वाहिनीसोबत थांबतो. अशा भागात बॅटरीचा हिशेब वेगळा करावा लागतो: वीज नसताना कोणती उपकरणे, किती तास चालवायची, यावरून. बिलाची सरासरी तेथे उपयोगी पडत नाही.