घारापुरीचा पाषाणगज व बंदरातील सहली

सहल, वनभोजन, प्राणिदर्शन हे विषय इतिहाससंशोधनाच्या कक्षेबाहेरचे होत, अशी समजूत आपल्या मंडळींत सर्वसाधारण आहे. सनदा, महजर, तहनामे, जमाखर्च यांस दप्तरात मानाची जागा मिळते. परंतु कोणा गृहस्थाने मुलांमाणसांसह होडीत बसून एखादे बेट पाहिले व त्याची चार ओळींची टाचणे करून ठेविली, तर तो कागद किरकोळ म्हणून रुमालाबाहेर पडतो. ही समजूत किती नुकसानीची आहे, हे घारापुरीच्या दगडी हत्तीच्या एकाच उदाहरणावरून दाखविता येण्यासारखे आहे. आणि तेवढेच दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

घारापुरी हे बेट रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात मोडते. न्हाव्याच्या पश्चिमेस भर बंदरात ते उभे असून शेतबंदर, मोराबंदर व राजबंदर अशी तीन गावे त्यावर आहेत. बेटावरील मुख्य लेण्याचा काळ सामान्यतः इसवी सनाचे सहावे शतक मानतात. त्यास शिल्पाची घडण आणि बेटावर सापडलेली कलचुरी कृष्णराजाची नाणी हे मुख्य आधार होत. परंतु ज्या वस्तूवरून या बेटास पाश्चात्त्यांत ‘एलिफंटा’ हे नाव पडले, ती वस्तू लेण्यात नव्हती. दक्षिणेकडे, राजबंदराच्या बाजूस, एकसंध काळ्या खडकातून कोरलेला एक हत्ती उघड्यावर उभा होता, आणि त्या बाजूने उतरणाऱ्यास लेण्याच्या आधी त्याचेच दर्शन घडे.

घराबाहेर पडून दिवस आनंदात घालविण्याची चाल आपल्याकडे नवी नव्हे. वात्स्यायनाने नागरकाच्या दिनचर्येत उद्यानगमनाचा स्वतंत्र निर्देश केला असून कोंबडे, लावे व मेंढे यांच्या झुंजी पाहणे हा त्या दिवसाचा एक भाग सांगितला आहे. तथापि ती सहल रसिक पुरुषांची. तीत कुटुंबास स्थान नाही. बायकामुलांसह बाहेर पडावयाचे ते कार्तिकातील आवळीभोजनास किंवा एखाद्या जत्रेस. घारापुरीसही बंदराच्या दोन्ही तीरांवरील लोक महाशिवरात्रीस जात आले आहेत. परंतु यात्रेकरू देवास जातो. तो दर्शन घेतो, नैवेद्य दाखवितो आणि परततो. वाटेतल्या हत्तीची लांबीरुंदी तो मोजीत नाही. ती मोजली दुसऱ्याच प्रकारच्या माणसांनी.

त्यांपैकी आरंभीचा गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य होय. तो १५३४ साली या बेटावर गेला होता. त्याचा ग्रंथ गोव्यात १५६३ साली छापला गेला. त्याचा विषय औषधी द्रव्ये. लेण्यांची हकीकत त्यात केवळ ओघाओघाने आली आहे. परंतु त्या आगंतुक हकीकतीतच बेटाचे देशी नाव ‘पोरी’ व पोर्तुगीजांनी दिलेले हत्तीचे नाव अशी दोन्ही नावे नोंदलेली आहेत. ‘पुरी’ हे पद सोळाव्या शतकात रूढ होते, याचा हा उत्तम पुरावा होय, आणि तो आपणांस एका प्रेक्षकाकडून मिळतो.

याच्या उलट, ज्यास आपण अस्सल साधन म्हणतो त्याची गती पाहावी. दियोगु दो कुतु हा पोर्तुगीज इतिहासकार सांगतो की, लेण्याच्या द्वारावर एक शिलालेख होता. पोर्तुगीजांनी तो काढविला. हिंदुस्थानात तो वाचणारा कोणी मिळेना, म्हणून तो राजा तिसरा जॉन याजकडे स्वदेशी पाठविला. तेथेही तो कोणास लागला नाही, आणि पुढे तो नाहीसा झाला. त्याची नक्कल आज उपलब्ध नाही. म्हणजे राजाज्ञेने जपला जावयाचा तो लेख गेला, आणि हौशी माणसांच्या वह्यांतील हत्ती मात्र राहिला. कोणते साधन थोर व कोणते किरकोळ, हे आधी ठरवून चालत नाही, एवढा बोध यातून निश्चित घेता येतो.

सतराव्या शतकात जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याने हत्ती पाहिला. त्याच्या पाठीवर एक पिलू असल्याचे तो लिहितो, आणि जवळच पोटापर्यंत जमिनीत रुतलेला एक दगडी घोडा असल्याचेही सांगतो. त्यानंतर १६८९ साली मुंबईस आलेल्या ओव्हिंग्टन या पाद्र्यानेही घोड्याचा उल्लेख केला आहे. हा घोडा आज नाही. या परदेशी पाहुण्यांनी लिहिले नसते, तर घारापुरीस असा काही घोडा होता ही गोष्ट कोणाच्या स्वप्नातही आली नसती. १७१२ साली कॅप्टन पाइक याने बेटाचे वर्णन केले व हत्तीचे चित्र काढले; ते लंडनच्या पुराणवस्तुसंशोधकांच्या ग्रंथमालेत १७८५ साली छापून निघाले. १७६४ च्या सुमारास कार्स्टेन नीबुर याने हत्तीस तडा गेल्याचे पाहून तो फार काळ टिकणार नाही असे लिहून ठेविले. १८०९ साली मुंबईस आलेल्या मारिया ग्रॅहम या बाईंनीही आपल्या रोजनिशीत घारापुरीच्या सहलीचा वृत्तांत दिला आहे.

नीबुरचे भाकीत पन्नास वर्षांनी खरे ठरले. १८१४ च्या सप्टेंबरात हत्तीचे डोके व मान गळून पडली, आणि पुढे धडही खचले. पूर्वीच्या मापांप्रमाणे त्याची लांबी १३ फूट २ इंच व उंची सुमारे ७ फूट ४ इंच होती. १८६४ साली अवशेष विलायतेस नेण्याच्या उद्देशाने उचलण्यात आले. परंतु यारी तुटून दगड खाली आदळला व त्याचे आणखी तुकडे झाले. ते मुंबईस व्हिक्टोरिया गार्डनमध्ये आणून टाकण्यात आले. पुढे १९१४ साली कॅडेल व ह्युएट या दोघांनी ते जुळवून हत्ती पुन्हा उभा केला. तोच आज भायखळ्यास डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात दिसतो.

ज्या बागेत हा हत्ती आला तिचा इतिहासही प्रस्तुत विषयास पोषक आहे. पशुपक्षी बाळगण्याची हौस आपल्या राजेरजवाड्यांस होतीच. सवाई माधवराव पेशव्यांचा पर्वतीच्या पायथ्याचा शिकारखाना प्रसिद्ध आहे. पण ती हौस धन्याची होती. मुंबईची ही बाग १८६२ साली खुली झाली, १८७३ साली नगरपालिकेकडे आली, आणि पुढे तीत प्राणिसंग्रह वाढून ती ‘राणीची बाग’ या नावाने घरोघरी ठाऊक झाली. आता तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे आहे. २०१७ पासून तेथे पेंग्विन पाहण्यासाठी गर्दी लोटते. जिवंत हत्ती, वाघ, पेंग्विन पाहावयास निघालेली मुले या दगडी हत्तीजवळून जातात. परंतु हा समुद्रापलीकडील बेटाचा नावदाता आहे, हे त्यांस सांगणारा कोणी बरोबर असेल तरच कळते. वस्तू वाचली, तिचे स्थान मात्र तुटले. ते स्थान पुन्हा जोडून देणारा दुवा म्हणजे वर सांगितलेली प्रवासटाचणे होत.

येथे एक आक्षेप संभवतो. सहलीस येणाऱ्यांनीच पुराणवस्तूंची हानी केली नाही काय? केली, हे नाकारण्यात अर्थ नाही. १८७५ साली तत्कालीन प्रिन्स ऑफ वेल्स यांस प्रत्यक्ष लेण्यात मेजवानी देण्यात आली. ज्या गर्भगृहाजवळ शिवरात्रीस बेल वाहावयाचा, तेथे मेजे मांडली गेली. यावरून त्या काळच्या अधिकाऱ्यांची लेण्याविषयीची दृष्टी समजते. परंतु साक्षीदाराचे आचरण आणि साक्षीचे मोल या दोन भिन्न गोष्टी आहेत. लेखकाने वस्तू स्वतः पाहिली की ऐकीव लिहिली, पूर्वीच्या ग्रंथातून उतरून घेतली की नवे माप दिले, हे पारखून घेतले म्हणजे सहलीचा कागद बखरीपेक्षा कमी भरवशाचा ठरत नाही. उलट, कोणाची कीर्ती वाढविण्याचा हेतू त्यात नसल्यामुळे पुष्कळदा अधिक भरवशाचा ठरतो.

हा विचार केवळ गतकालापुरता नाही. घारापुरीच्या उत्तरेस ठाण्याच्या खाडीत दर हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. त्यांस अग्निपंख असेही म्हणतात. या खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर भाग २०१५ साली अभयारण्य ठरला व २०२२ साली रामसर यादीत गेला. ऐरोली, वाशी, नेरूळ येथील कुटुंबे सुटीच्या दिवशी मुलांस घेऊन हे पक्षी पाहावयास जातात. २०२४ साली नेरूळच्या तलावात काही रोहित मृत्युमुखी पडले, आणि तलावात येणारे भरतीचे पाणी अडले आहे अशी तक्रार पक्षिप्रेमींनी केली. पुढे पन्नास वर्षांनी कोणी विचारील की, या पाणथळीवर पक्षी खरोखर उतरत होते काय, कोणत्या महिन्यात, किती व कोठे? त्याचे उत्तर सरकारी दप्तराइतकेच कोणा आजोबांच्या रोजनिशीत व मुलांच्या छायाचित्रांत सापडेल. मात्र त्यावर तिथी व स्थळ लिहिलेले असावयास हवे.

म्हणून हस्तलिखितांचा संग्रह करणाऱ्या सद्गृहस्थांस आमची विनंती अशी की, जुनी घरे मोडताना ज्या पेट्या उघडतात, त्यांतील पोथ्या व सनदा घेऊन बाकीचे रद्दीत टाकू नये. होडीच्या भाड्याची नोंद असलेली खर्चाची वही, बेटावरून आणलेल्या जुन्या चित्राची प्रत, राणीच्या बागेत दगडी हत्तीपुढे काढलेले कुटुंबाचे छायाचित्र, शिवरात्रीच्या जत्रेविषयी माहेरी लिहिलेले पत्र यांवर मिळाल्याचे ठिकाण व साल टाकून ती वेगळ्या रुमालात बांधावी. विशेषतः १८६४ ते १९१४ या पन्नास वर्षांत हत्तीचे तुकडे बागेत ज्या स्थितीत पडले होते, त्या स्थितीचा निर्देश करणारा मराठी कागद ज्यांच्या संग्रही असेल, त्यांनी त्याची नक्कल मंडळाकडे अवश्य पाठवावी. ती पुढील अंकी साभार प्रसिद्ध करण्यात येईल.